विहिरीत तिनं बादली सोडली होती

माझ्या बायकोनं वळलेल्या बिडीत तंबाखू नाही, हे मला बिडीच्या मुन्शीनं चारचौघांत सांगितलं आणि मी त्याचं मनगट धरलं.

तेव्हा मी गिरणीतून सुटून घरी बसलो होतो. तिच्या मांडीवरचं सूप मात्र सुटलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती बिड्या वळत होती. पान भिजवायचं, वर मापाचा पत्रा ठेवून कातरीनं कापायचं, चिमूटभर जर्दा घालायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, सूत गुंडाळायचं. बोलता बोलता, माझ्याशी भांडता भांडता तिची बोटं चालायची. तिच्या मालातून मुन्शीनं कधी छाट काढली नाही, म्हणजे एक बिडीही खराब म्हणून बाजूला टाकली नाही. बाकीच्या बाया माल दाखवताना श्वास धरून उभ्या राहत, ही पाठ फिरवून पान चघळत उभी राहायची.

त्या दिवशी तिचं अंग दुखत होतं म्हणून माल घेऊन मी गेलो. मुन्शीनं एक बिडी उचलून दाबली, दुसरी दाबली आणि हसायला लागला.

"काय गा बुढ्या, तुही बायको बिडीत हवा भरून राहिली काय?"

"तोंड सांभाळून बोल."

"अरे, सोलून पाह्य ना."

मनगट सोडून मी बिडी सोलली. पान निघालं, त्याच्या आत तेच पान, आणि आत काही नाही. दुसरी सोलली, तीही तशीच. वळण असं सुरेख की सोलायचं जिवावर यावं. तोंड मुडपलेलं, सूत घट्ट. फक्त जे ओढायचं ते नव्हतं. कोणीतरी माल बदलला म्हणून मी तिथं आरडाओरडा केला. मुन्शी हसत होता ते मला चाललं असतं. पण रांगेतल्या बाया गप्प झाल्या, ते पाहून मी माल उचलला आणि निघालो. बाया उगाच गप्प होत नाहीत. त्यांना आधीपासून काही माहीत होतं.

घरी येऊन विचारलं, "जर्दा काहून नाई टाकला वं?"

"टाकला ना."

मी एक बिडी तिच्या हातात दिली. तिनं सोलली, बराच वेळ पाहिली आणि मला परत दिली. "हे माया हातची नाई."

मी म्हटलं, नसेल.

मी रात्रशाळेत तिसरीपर्यंत शिकलो. लिहिताना हात जड होतो, अक्षर वाकडं येतं, पण जे लिहीन ते खरं लिहीन. गिरणीत मी रिंग खात्यात, म्हणजे सूत काढायच्या खात्यात, होतो. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, आम्हाला घेत नसत, कारण तिथं सूत तोंडानं ओढावं लागायचं आणि आमच्या तोंडचं सूत बाकीच्यांना चालत नव्हतं. हे आजच्या पोरांना सांगितलं की ती म्हणतात, बाबा, तुमी ऐकून कसं घेतलं? ऐकून घेतलं नाही. पण तो वेगळा विषय झाला. हे लिहिणं तिचं आहे.

सुरुवातीला वेगळं असं काही दिसतच नव्हतं. ती न्हायची, केस विंचरायची, भाजी निवडायची, शेजारच्या सुनेचं बाळंतपण कसं करावं ते सांगायची. फक्त सकाळी विचारलेलं दुपारी पुन्हा विचारायची. मी उत्तर द्यायचो. ती "हौ ना" म्हणायची आणि चहा प्यायचा अवकाश, पुन्हा तेच. मला वाटायचं, बुढी माझी मजा करते आहे. करायचीही ती. तरुणपणी माझ्या चपला लपवून मला गिरणीच्या भोंग्यापर्यंत पळवलं आहे तिनं.

वस्तीतल्या विहारात बायांची वंदना तीच सांगायची. दीक्षा घेतली त्या सालापासून हा मान तिचा होता. लिहिता वाचता येत नसून सगळं तोंडपाठ, आवाज असा की पाठीमागच्या गल्लीत ऐकू जावा. एका पौर्णिमेला ती मध्येच एका ओळीवर आली आणि पुढची ओळ न म्हणता पहिल्यापासून सुरू झाली. बाया मागून म्हणत गेल्या. त्याच ओळीवर येऊन ती पुन्हा पहिल्यापासून. कोणी तिला थांबवलं नाही. तिला थांबवायचं कोणी? वंदना तशीच गोल गोल फिरत राहिली. शेवटी शेजारीण मला बोलवायला आली. मी दारात उभा राहून म्हटलं, "चाल वं, भूक लागली." ती लगेच उठली. नवऱ्याची भूक तिच्या ध्यानात होती.

त्यानंतर मी तिच्या सुपाजवळ बसायला लागलो. ती पान कापायची, मी त्यात जर्दा टाकायचो, ती वळायची. मुन्शीला मग काही बोलायची सोय राहिली नाही. वस्तीतले माझ्या वयाचे लोक मात्र ओट्यावरून ओरडायचे.

"काय गा, बायकोच्या हाताखाली लागला काय?"

"लागलो. तुह्या बायकोनं तर तुले ठेवलंच नाई कामावर."

हसायचे. मीही हसायचो. ती खाली मान घालून वळत असायची आणि मध्येच म्हणायची, "बोलू द्या त्याईले, तुमी जर्दा टाका." तेव्हा वाटायचं, काही झालेलं नाही. असंच राहिलं तर चालेल.

सरकारी दवाखान्यात नेलं तर तरुण डॉक्टर होता, चांगला होता. त्यानं तिला वार विचारला, महिना विचारला. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "ते तुमालेच माहीत असन जी. तुमी शिकले आहा." डॉक्टर हसला, मी हसलो. मग त्यानं मला बाजूला नेलं.

"बाबा, हे वेड नाही. म्हातारपणी काही माणसांचं विसरणं जास्त वाढतं. आज त्या स्वतःचं स्वतः करतात. असंच राहील किंवा वाढेल, मला सांगता येणार नाही. औषध माझ्याजवळ नाही. घरीच ठेवा, माणसांत ठेवा, हाताला काम ठेवा. रोज तेच काम, त्याच वेळेला. आधी नवं जाईल, जुनं राहील. त्या काही चुकीचं बोलल्या तर खोडून काढू नका. हो म्हणा."

"खोटं असलं तरी?"

"खोटं असलं तरी. तुम्ही खोडून काढलं तर त्यांना आठवणार नाही, फक्त भीती वाटेल."

हे मी पाळलं. ती म्हणायची, सायंकाळी माय येईन. तिची माय मरून जमाना झाला होता. मी म्हणायचो, हाव, येईन. ती म्हणायची, भोंगा झाला, तुमी अजून घरी काहून? मी म्हणायचो, आज पाळी बदलली. खोटं बोलायला माझं काही जात नव्हतं. रोज सकाळी न्हाणं झालं की सूप, दुपारी जेवण झालं की आंगणात खाटेवर, ऊन उतरलं की विहारापर्यंत चक्कर. कुठंही गेलो तरी मी तिच्या अर्धा पाऊल मागं. शेजारीण म्हणायची, "भाऊ, लग्नात तरी इतके मांगं मांगं फिरले होते काय?"

मग नागपूरच्या इतवारीतली गोष्ट झाली.

आम्ही दोघं भांड्यांच्या बाजारात गेलो होतो. तिला स्वतःच्या पसंतीचा गडवा हवा होता. गडवा म्हणजे पाण्याचा तांब्या. जुना गळायला लागला होता. दुकानाच्या पायऱ्या चढून मी वर गेलो आणि मागं पाहिलं तर ती नाही. खाली गल्लीच्या त्या कडेला, हातगाड्यांच्या पलीकडे, डोक्यावर पदर ओढून उभी. हातगाडीवाला ओरडत होता, "बाजू हटो माई," आणि ती आणखी आणखी भिंतीला लागत होती.

दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "अवो बाई, वर या ना, हातात घेऊन पाहा."

"नाई जी. बरी आहो मी इथंच."

"उन्हात काहून उभ्या राहता?"

"तुमी टाका जी तिथून, मी झेलतो."

आणि तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला. आमच्याकडे बायाही जातो, येतो, झेलतो असंच बोलतात, म्हणून दुकानदाराला बोलण्यात काही वेगळं वाटलं नाही. त्याला पदर समजला नाही. त्याला वाटलं, बाई गमती आहे. मला समजला. मी पायऱ्या उतरून तिच्याजवळ गेलो. तिच्या बापाच्या गावी, कुहीच्या बाजूला, आमची माणसं दुकानासमोर अशीच उभी राहायची. दुकानदार वरून सामान फेकायचा. ते मी पाहिलं होतं, तिनं तर लहानपणभर झेललं होतं.

आधी नवं जाईल, जुनं राहील, हे डॉक्टरनं सांगितलं तेव्हा मी मान हलवली होती. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या मी पाहिल्या होत्या. त्यांना माहेरचा झोका आठवतो, गौरीचं गाणं आठवतं, डोळे मिटून हसत बसतात. आमच्या जुन्यात काय ठेवलं होतं? आमचं जे काही चांगलं, ते सगळं नवं होतं. मान वर करून चालणं नवं, पायात चप्पल घालून पाटलाच्या दारावरून जाणं नवं, पोराला शाळेत आतल्या बाजूला बसवणं नवं. दीक्षेच्या दिवशी पांढरं लुगडं नेसून माणसांच्या त्या दर्यात ती माझ्या पुढं चालत होती, ते सगळ्यात नवं. तेच आता तिच्या डोक्यातून गळत होतं, आणि खाली जे उरत होतं ते आम्ही हातानं पुरून आलो होतो.

विहिरीची गोष्ट इथं लिहायला पाहिजे.

दीक्षेच्या पुढल्या उन्हाळ्यात तिच्या चुलतभावाचं लग्न होतं, म्हणून आम्ही तिच्या गावी गेलो. गावच्या विहिरीवर आमच्या बाया चढत नसत. खाली घागर ठेवून उभ्या राहायच्या. पाणी भरायला आलेल्या दुसऱ्या बायांपैकी एखादीला दया आली की ती वरून पाणी ओतायची, घागरीला बादली न लावता. नाही आली तर उभं राहायचं. लग्नघर होतं, पाणी संपलं होतं, आणि आमच्या बाया उन्हात उभ्या होत्या. माझी बायको पोराला कडेवरून उतरवून सरळ वर चढली. एकीच्या हातातून दोर घेतला नाही, घरून स्वतःचा दोर आणि बादली घेऊन आली होती. म्हणजे ते तिनं नागपूरहून निघतानाच ठरवलं होतं, मलाही सांगितलं नव्हतं. बादली सोडली, ओढली, सगळ्यांच्या देखत त्याच बादलीला तोंड लावून पाणी प्यायली. मग खालच्या घागरी एक एक वर मागवून भरल्या. एक म्हातारा काठी आपटत ओरडत आला. ती म्हणाली, "बाबाजी, तुमचीबी घागर आना, भरून देतो." त्याच्यामागून आणखी लोक आले. शिव्या झाल्या, ढकलाढकली झाली, माझं डोकं फुटलं. पण त्या दिवशी लग्नाचा भात त्या विहिरीच्या पाण्यात शिजला.

ही गोष्ट ती वस्तीत किती वेळा सांगायची! नवी सून आली की तिला बसवून सांगायची. माझं डोकं कसं फुटलं ते सांगताना खो खो हसायची.

इतवारीहून नवा गडवा घेऊन आल्यावर मी ठरवलं, बाकी जे जायचं ते जाऊ दे, हे एक मी जाऊ देणार नाही. जी बाई आयुष्यात एकदा वर चढली, ती खाली उतरून मरणार नाही. रोज सुपाजवळ बसलो की मी तिला विहिरीची गोष्ट सांगायला लागलो. दोर कसा होता, बादली कशी होती, म्हातारा काय बोलला. ती वळता वळता ऐकायची. सुरुवातीला म्हणायची, "हौ ना, आन तुमचं डोस्कं फुटलं." मग नुसतं हसायला लागली. आणि एक दिवस मी सांगून संपवलं तर तिची बोटं थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाली,

"मोठी हिंमतीची बाई होती जी. कोन होती वो ते?"

मी म्हटलं, "तूच."

ती घाबरली. दाराकडे पाहून आवाज खाली केला. "असं नोका बोलू. कोनी ऐकन."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगितलं. मी हट्टी आहे हे वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. गिरणीत संप मोडला तेव्हा आमच्या खात्यात शेवटी कामावर जाणारा मी होतो.

तिला आता आपलंच घर परक्याचं वाटायला लागलं होतं. घर पक्कं बांधलं होतं आम्ही, फरशी होती, नळ होता. ती आंगणातल्या पायरीखाली बसायची. तिच्या लेखी असलं घर आपलं असूच शकत नव्हतं. जेवण मी बाहेर नेऊन द्यायचो, तिची थाळी ती ओळखायची, म्हणून जेवायची. पाण्याचं तसंच. आत माठ होता, त्याला ती हात लावेना. म्हणून मी तिचा गडवा भरून तिची नजर चुकवून तिच्या बाजूला ठेवायचो. पाहिलं की ती प्यायची. सगळा हिवाळा तसा निघाला. मला वाटलं, जमलं. युक्ती सापडली की माणसाला वाटतं आजारच सापडला.

होळीच्या सुमारास पोरगा सुटीवर आला. तो चंद्रपूरच्या बाजूला खाणीच्या हापिसात होता. पांढरा सदरा, पँट, हातात पेटी. आंगणात आला तशी ती उठली, पदर पुढं ओढला, बाजूला होऊन त्याला वाट दिली आणि कमरेत वाकून म्हणाली,

"जोहार जी."

आमची माणसं पूर्वी पाटलाला वाकून करायची तो जोहार, आपल्या पोटच्या पोराला. तो आधी हसला, त्याला वाटलं माय थट्टा करते. मग माझं तोंड पाहिलं. पेटी तिथंच ठेवून मागच्या नळावर गेला आणि कितीतरी वेळ तोंडच धूत राहिला.

जेवताना म्हणाला, "बाबा, तुमी तिले रोज ते विहिरीचं सांगता म्हणे."

"सांगतो."

"काहून? ते थरथर कापते मंग. शेजारची बाई सांगून राहिली होती."

"कापू दे. एक दिवस आठवन."

"नाई आठवत बाबा. डॉक्टरनं सांगतलं ना तुमाले. ते आता इथं नाईच. ते तिकडं कुहीकडे आहे, लहान पोरगी आहे. तुमी तिच्याकडे जा ना, तिले का ओढता इकडं?"

"तिथं पुन्हा जायचं नाई म्हणून तर आलो ना गा आपन!"

"मंग काय कराल?"

"दिवस असला तर रात्र म्हणीन. मेलेल्याले जिता म्हणीन. पन तू खाली उभी राह्य, तू बाटवते, याले मी हाव म्हणनार नाई. माया तोंडातून निघनार नाई ते."

तो ताटावरून उठला नाही, पण पुढं जेवलाही नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "तुमाले तिची फिकीर आहे का तुमच्या तोंडाची?"

शिकलेल्या पोराला शब्द जोडून बोलता येतं. मी म्हटलं, दोन्हीची. आजही तेच म्हणतो.

तो गेला. ऊन तापायला लागलं. नागपूरचं ऊन मी काय सांगू, दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही. त्या उन्हाळ्यात भरलेल्या गडव्याची युक्ती बंद पडली. गडवा बाजूला दिसला की ती विचारायची, "कोनाचा हाय जी?" तुझा म्हटलं तर विश्वास ठेवेना. नवा गडवा तिनं ओळखणंच सोडलं होतं. जुना गळका शोधून काढला, डांबर लावून बुजवला, तोही ओळखेना. मी ताक दिलं, आंबील दिली, टरबूज कापून दिलं. टरबूज खायची. तेवढ्यावर काही दिवस गेले. पाणी मात्र ओंजळ पुढं करून मागायची. वरून घाला म्हणायची.

शेजारणीनं एकदा घातलं. मी विहाराकडून आलो तर ही बाई माझ्या आंगणात उभी, हातात गडवा उंच धरलेला, आणि माझी बायको खाली उकिडवी बसून ओंजळीनं पिते आहे. मी ओरडलो, "माया आंगणात हे नाई चालनार बाई!"

शेजारीण रडायला लागली. "भाऊ, मले काय हौस आली काय? माया सासूले असंच पानी भेटत होतं. आन आता मीच हिच्या माथ्यावर गडवा धरला... माया हातून पुन्हा नाई होत. पन ते तहानेनं मरन भाऊ."

"नाई मरनार. तहान लागली की हातानं घेईन."

मी तसं मानत होतो. तहानेपुढं काय टिकतं, असं मला वाटत होतं. पण लहानपणी जे मारून मारून शिकवलेलं असतं ते तहानेच्याही खाली असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

दोन दिवस तिनं टरबूजही तोंडात घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पायरीखाली भिंतीच्या सावलीत बसली होती. सावली हातभर उरली होती. ओठ फाटले होते, जीभ टाळूला चिकटत होती, त्यामुळे बोलणं जड येत होतं. मी माठ उचलून आणला आणि तिच्यासमोर ठेवला. बाजूला बसलो.

"उठ. तुहाच माठ आहे. घे."

"नाई जी. बाटते."

"नाई बाटत. कोनी सांगतलं बाटते म्हणून? पाह्य, मी पेतो." मी गडवा बुडवला आणि तिच्यासमोर प्यायलो. पाणी माझ्या हनुवटीवरून गळत होतं, त्याच्याकडे ती पाहत होती. मी पुन्हा विहिरीची गोष्ट सांगायला लागलो. बादली सोडली, ओढली, तोंडाला लावली. मी मोठ्यानं सांगत होतो, माझाच घसा कोरडा पडला. ती ऐकत होती की नाही मला माहीत नाही. माझं बोलणं थांबलं तशी तिनं दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि तोंडाशी धरली.

"घाला ना जी."

मी गडवा तिच्या ओंजळीशी नेला. तिनं हात मागं घेतले. गडवा हाताला लागेल म्हणून. मी थोडा वर धरला. तरी मागं घेतले. मी उभा राहिलो. उभ्यानं धरला तेव्हा तिनं ओंजळ पुढं केली. तिचे हात कापत होते, तरी ओंजळ मोडत नव्हती. मी तसाच उभा होतो. मनात म्हणत होतो, आता घेईन, आता उठन. तिचं डोकं पुढं झुकायला लागलं. ती तशीच वाकून भिंतीला लागली, पण हात खाली केले नाहीत.

मी पाणी घातलं. जितकं उंचावरून घालायचे तितक्याच उंचावरून. कसं घालतात ते मला माहीत होतं, मीही असाच प्यायलो होतो.

ती घटाघटा प्यायली. पाणी कोपरावरून लुगड्यात गेलं. मी पुन्हा भरलं, पुन्हा घातलं. पोट भरल्यावर तिनं ओले हात तोंडावरून फिरवले, जरा दूर सरकली आणि जमिनीला डोकं टेकवलं.

"बरं होवो तुमचं, पाटील."

मी म्हटलं, "हाव."

डॉक्टरचं बरोबर होतं, असं मी अजूनही म्हणणार नाही. पोराचंही नाही. तिनं बादली सोडली होती, ते खरं आहे, आणि ते पाहिलेली माणसं वस्तीत आता फारशी उरली नाहीत, म्हणून मी लिहून ठेवतो आहे. पण तिला ते उपयोगाचं नव्हतं. तिच्या हातातून मी ते वाचवू शकलो नाही.

त्यानंतर ती जगली तोवर पाणी मीच घातलं. शेजारणीला घालू दिलं नाही, पोरगा आला तर त्यालाही नाही. दुसऱ्या कोणाच्या हातानं तिच्या ओंजळीत वरून पाणी पडलेलं मला पाहायचं नव्हतं. पाऊस आला, थंडी आली, सूप खुंटीला लागलं ते लागलंच. ती पायरीखालून वर आली नाही. ऊन डोक्यावर आलं की मी गडवा घेऊन बाहेर यायचो आणि तिला दिसेन असा उभा राहायचो. पाणी पिऊन झालं की ती मला पाटील म्हणायची, आणि मी हाव म्हणायचो.